सीएलएलच्या निदानात रोझेट चाचणी: उंदराच्या आणि मेंढीच्या लाल पेशी वापरून कशी करावी, कुठे फसते

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, या रक्ताच्या कर्करोगातल्या बी लिम्फोसाइटना (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) उंदराच्या लाल पेशी चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइटभोवती लाल पेशींचे कडे दिसते, त्याला रोझेट म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्तात असे कडे करणारे लिम्फोसाइट थोडेच असतात. १९७४ साली स्टॅथोपुलोस आणि एलियट यांनी हे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये मांडले. प्रतिपिंडांचे संच आणि फ्लो सायटोमीटर (रंगीत प्रतिपिंड लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारे यंत्र, पुढे नुसते 'फ्लो') सर्वत्र येण्याआधी सीएलएलची पेशी ओळखायची ही एक मुख्य खूण होती. मेंढीच्या लाल पेशी याच्या उलट टी लिम्फोसाइटना चिकटतात, कारण टी पेशीवरचे सीडी२ हे प्रथिन मेंढीच्या लाल पेशीवरच्या एका प्रथिनाला धरते. माणसात त्याच प्रथिनाचा भाऊबंद सीडी५८ आहे.

दोन्ही चाचण्या एकाच नमुन्यावर, एकाच दिवशी लावायच्या असतात. मेंढीची नळी टी पेशी किती ते सांगते. उरलेल्या बी पेशी सीएलएलच्या वळणाच्या आहेत का, हे उंदराची नळी सांगते. यातली एकच लावून दिलेला अहवाल अर्धा असतो.

आज कोणत्याही रुग्णाचे निदान केवळ रोझेटवर करू नये. तरीही अध्यापनाच्या प्रयोगशाळेत, टी पेशी वेगळ्या काढण्यासाठी आणि जुन्या नोंदींतले 'उंदीर रोझेट ६४ टक्के' असे शेरे समजून घेण्यासाठी हे तंत्र हातात असलेले बरे. शिवाय इथे जे बिघडते त्यातले बरेचसे फ्लोच्या नमुन्यातही बिघडते.

नमुना

हेपॅरिन घातलेल्या नळीत ५ ते १० मिली रक्त घ्या. दर मिलीला १० ते २० युनिट हेपॅरिन पुरते आणि ते परिरक्षक नसलेले हवे. ईडीटीए या रक्त न गोठू देणाऱ्या दुसऱ्या द्रव्यावरही काम होते, मात्र पेशी नीट धुवाव्या लागतात. नमुना खोलीच्या तापमानाला, १८ ते २५° सेल्सिअसला ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलेले रक्त फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर) नीट वेगळे होत नाही, लाल पेशी मधल्या थरात अडकतात. काम त्याच दिवशी करा, फार तर २४ तासांच्या आत.

त्याच वेळी हिमोग्राम आणि स्मिअर (काचेवर ओढलेला रक्ताचा पातळ थर) करून ठेवा. सीएलएलच्या पेशी ठिसूळ असतात, काचेवर ओढताना फुटतात आणि स्मज पेशी दिसतात. रक्तपेढीत असते ते २२ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिन एक थेंब, त्यात चार-पाच थेंब रक्त मिसळून दुसरा स्मिअर ओढा. स्मज पेशी बऱ्याच कमी होतात आणि प्रोलिम्फोसाइट (मोठ्या, कमी प्रौढ लिम्फोसाइट) मोजता येतात. रुग्णाला स्टिरॉइड सुरू असेल तर अर्जावर तशी नोंद घ्या. स्टिरॉइडने रक्तातल्या टी पेशी तात्पुरत्या घटतात, तर सीएलएलमध्ये सुरुवातीला लिम्फोसाइटची संख्या उलट वाढू शकते. टक्केवारी दोन्ही बाजूंनी हलते.

लिम्फोसाइट वेगळे काढणे

रक्तात तेवढेच फॉस्फेट बफर सलाइन मिसळा. पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटर लाखाच्या वर असतील तर एकास चार पातळ करा, नाहीतर मधला थर इतका जाड होतो की त्यात लाल पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट गुंततात. १.०७७ घनतेचे फायकॉल (हायसेप किंवा हिस्टोपेक, कोणतेही चालेल) खोलीच्या तापमानाला आणून नळीत ३ मिली घ्या आणि त्यावर ६ मिली पातळ रक्त नळीच्या भिंतीवरून सावकाश सोडा. दोन थर मिसळले तर पुढे जाऊ नका, नवी नळी घ्या.

४०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट बलाला) ३० मिनिटे फिरवा, ब्रेक बंद ठेवून. बऱ्याच ठिकाणी सेंट्रिफ्यूजवर फक्त आरपीएम दिसतो. जी म्हणजे ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १५ सेंमी असेल तर ४०० जीसाठी सुमारे १,५५० आणि २०० जीसाठी सुमारे १,१०० आरपीएम येतात. आपल्या यंत्राची त्रिज्या मोजून हे आकडे झाकणावर चिकटवून ठेवा. दुसऱ्याच्या यंत्राचे आरपीएम उचलल्याने बिघडलेल्या फेऱ्या कमी नाहीत.

मधला धुरकट थर पिपेटने उचला आणि तीनदा धुवा. पहिल्यांदा ३०० जीला १० मिनिटे, शेवटी २०० जीला, म्हणजे प्लेटलेट वरच राहतात. पहिले धुणे ३७ अंशांच्या कोमट बफरने केले तर पेशींवर नुसते चिकटून बसलेले प्रतिपिंड निघून जातात. पृष्ठभागावरच्या इम्युनोग्लोब्युलिनची (पेशीच्या स्वतःच्या प्रतिपिंडाची) तपासणी शेजारी लावणार असाल तर हे टाळू नका.

ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींत शिरणाऱ्या रंगाने) जिवंत पेशी मोजा. ९० टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर नमुना परत मागवा, कारण मेलेल्या पेशी रोझेट करत नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो. अंतिम द्रावणात दर मिलीला ५० लाख लिम्फोसाइट ठेवा. मोनोसाइट जास्त दिसत असतील तर पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये ३७ अंशांना तासभर ठेवा. मोनोसाइट तळाला चिकटतात, लिम्फोसाइट वर तरंगतात. सीएलएलमध्ये सहसा याची गरज पडत नाही, पण निरोगी कंट्रोलमध्ये (तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसाच्या नमुन्यात) पडते.

लाल पेशी: इथेच बहुतेक फेऱ्या हरतात

मेंढीचे रक्त ब्लड अगर बनवणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे मिळते. फायब्रिन काढलेले रक्त चालते, पण आल्सेव्हरच्या द्रावणात घेतलेले जास्त दिवस टिकते. १०० मिली आल्सेव्हरसाठी डेक्स्ट्रोज २.०५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट ०.८ ग्रॅम, सोडियम क्लोराइड ०.४२ ग्रॅम आणि सायट्रिक अॅसिड ०.०५५ ग्रॅम, पीएच ६.१. द्रावण गाळून निर्जंतुक करा आणि त्यात समान मापाने रक्त घ्या. ४ अंशांना ठेवल्यास मेंढीच्या पेशी दोन आठवडे वापरता येतात. धुताना वरचे पाणी गुलाबी दिसू लागले की बाटली टाकून द्या.

उंदराच्या पेशी इतक्या टिकत नाहीत. तीन-चार दिवसांच्या आत वापरा, शक्यतो ताज्याच. २५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगात सुमारे २ मिली रक्त असते आणि शेवटच्या रक्तस्रावात साधारण १ मिली मिळते. त्यातून ०.४ मिली घट्ट लाल पेशी निघतात आणि १ टक्क्याचे ४० मिली द्रावण होते. नळीला ०.१ मिली लागते, म्हणजे एका उंदरात महिन्याभराचे काम होईल असे वाटते, पण पेशी टिकत नसल्याने तसे होत नाही. म्हणून नमुने त्याच तीन-चार दिवसांत घेऊन लावले जातील असे वेळापत्रक आखा. प्राणिगृह नोंदणीकृत हवे, संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी हवी आणि रक्त प्रशिक्षित माणसानेच काढावे. उंदरांची जात दर वेळी तीच ठेवा. जात बदलली तर आपले जुने निरोगी आकडे लागू राहतील असे गृहीत धरू नका.

दोन्ही प्रकारच्या पेशी तीनदा धुवा, पांढरट बफी थर दर वेळी खेचून टाका. मग १ टक्का द्रावण करा: घट्ट पेशी ०.१ मिली, माध्यम ९.९ मिली.

मेंढीच्या साध्या पेशींचे रोझेट नाजूक असतात. त्यांना एईटी या रसायनाची प्रक्रिया दिली तर पकड घट्ट होते. एईटी ४०२ मिलिग्रॅम १० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा आणि सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच बरोबर ९.० वर आणा. एक भाग घट्ट पेशींना चार भाग हे द्रावण, ३७ अंशांना १५ मिनिटे, अधूनमधून हलवत. नंतर पाचदा धुवा. द्रावण त्याच दिवशी केलेले हवे. पीएच चुकला किंवा वेळ लांबली की पेशी फुटतात. अशा पेशी ४ अंशांना पाच दिवस चालतात.

उंदराच्या नळीत उलटी पद्धत आहे: तिथे लिम्फोसाइटनाच न्युरामिनिडेझ हे एन्झाइम देतात, ३७ अंशांना ३० मिनिटे, मग दोनदा धुणे. पेशीवरचे सायालिक अॅसिड निघून जाते आणि रोझेट वाढतात. पण निरोगी माणसाच्या नळीतही ते वाढतात. त्यामुळे एन्झाइमशिवाय ठरवलेली मर्यादा एन्झाइम दिलेल्या नळीला लावणे चूक आहे. कोणतीही एक पद्धत धरा आणि तिचेच स्वतःचे निरोगी आकडे काढा.

माध्यमात घालायचे गाईच्या वासराचे सीरम आधी ५६ अंशांना ३० मिनिटे तापवून निष्क्रिय करा. मग दहा भाग सीरमला एक भाग घट्ट मेंढीच्या पेशी घालून ३७ अंशांना अर्धा तास आणि ४ अंशांना तासभर ठेवा, फिरवा, सीरम वरून काढून घ्या. उंदराच्या नळीसाठी हेच उंदराच्या पेशींवर करा. हे टाळले तर सीरममधले प्रतिपिंड लाल पेशींचे गोळे करतात आणि गोळ्यात अडकलेला कोणताही लिम्फोसाइट रोझेटसारखा दिसतो.

नळी लावणे

लिम्फोसाइट ०.१ मिली, लाल पेशी ०.१ मिली, शोषलेले सीरम ०.०५ मिली. एका लिम्फोसाइटमागे किमान चाळीस लाल पेशी पडायला हव्यात, १ टक्क्यात त्या पडतात. मेंढीची नळी ३७ अंशांना १० मिनिटे ठेवा, २०० जीला ५ मिनिटे फिरवा, मग न हलवता ४ अंशांना. एईटी दिलेल्या पेशींना एक तास पुरतो, साध्यांना रात्रभर ठेवलेले चांगले. उंदराच्या नळीला ३७ अंशांची पायरी नको. सरळ फिरवा आणि ४ अंशांना एक ते दोन तास ठेवा. प्रत्येक नमुन्याच्या दोन-दोन नळ्या लावा, एक निरोगी माणसाची, आणि जमल्यास द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या सीएलएल पेशींची.

आता ती तीस सेकंद, ज्यात सगळे ठरते. तळाशी बसलेली गोळी सुटी करायची आहे, पण रोझेट सुटू द्यायचे नाहीत. व्हॉर्टेक्स तर नाहीच, पिपेटने वरखाली ओढणेही नाही आणि ताक घुसळल्यासारखी नळी हलवायची नाही. बर्फावरून काढलेली नळी जवळजवळ आडवी धरून बोटांत सावकाश फिरवा. गोळी एका कडेने उचलली जाते आणि आठ-दहा फेऱ्यांत विरते. नळ्या एकामागून एक बर्फावरून काढा, सगळ्या एकदम टेबलावर मांडू नका. निरोगी टी पेशींचे मेंढीचे रोझेट उबेत सुटतात. दहा नळ्यांच्या फेरीत पहिली आणि दहावी यांच्यात फरक पडतो तो बहुतेक यामुळेच.

मोजणी

एक थेंब पेशी आणि एक थेंब ०.१ टक्का टोलुइडिन ब्लू काचेवर घ्या, कव्हरस्लिप अलगद ठेवा, कडा नेलपॉलिशने बंद करा. लिम्फोसाइटचे केंद्रक निळे दिसते, लाल पेशी रंग घेत नाहीत. ४० च्या भिंगाखाली २०० लिम्फोसाइट मोजा. तीन किंवा अधिक लाल पेशी चिकटलेला लिम्फोसाइट म्हणजे रोझेट. मध्ये निळे केंद्रक दिसत नसेल तर तो लाल पेशींचा गोळा आहे, तो मोजू नका. चिकटलेल्या लाल पेशी पेशीबरोबर हलतात का, हे कव्हरस्लिपला हलके दाबून पाहा. नुसत्या शेजारी पडलेल्या वाहून जातात.

दोनशे पेशी मोजून ३० टक्के आले, तर खरा आकडा साधारण २४ ते ३६ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. चारशे मोजल्या तरी तो पट्टा २५.५ ते ३४.५ एवढाच आवळतो. म्हणून मर्यादेच्या आसपासच्या नमुन्याला दोन्ही नळ्यांतून, दोन वेगळ्या माणसांनी मोजलेले बरे. '३१ म्हणजे पॉझिटिव्ह, २९ म्हणजे निगेटिव्ह' हे गणित कागदावरचे आहे.

सायटोस्पिन (पेशी फिरवून काचेवर बसवणारे यंत्र) असेल तर एक काच रंगवून ठेवाच. ओल्या काचेवर रोझेट कोणत्या पेशीने केला ते नीट कळत नाही. रंगवलेल्या काचेवर छोटा प्रौढ लिम्फोसाइट, ठळक न्यूक्लिओलस असलेला प्रोलिम्फोसाइट आणि चुकून आलेला मोनोसाइट वेगळे दिसतात.

आकडे वाचताना

निरोगी माणसात मेंढीचे रोझेट ६० ते ८० टक्के येतात. कंट्रोलमध्ये ते ५५ च्या खाली गेले तर त्या दिवशीची अख्खी फेरी रद्द करा, रुग्णाचा आकडा कितीही पटणारा दिसो. उंदराचे रोझेट निरोगी रक्तात एक आकडी किंवा दहाच्या आसपास असतात. नेहमीच्या सीएलएलमध्ये ते ३० च्या वर, बऱ्याचदा ५० च्याही वर जातात आणि मेंढीचे खाली येतात.

मेंढीची टक्केवारी खाली गेली म्हणजे टी पेशी घटल्या असे नव्हे. समजा पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटर ४२,०००, त्यात लिम्फोसाइट ८६ टक्के, म्हणजे ३६,१२०. उंदीर रोझेट ५८ टक्के, म्हणजे सुमारे २०,९५०. मेंढीचे फक्त ९ टक्के, तरी संख्या ३,२५० भरते, म्हणजे निरोगी माणसापेक्षा जास्तच. अहवालात टक्के आणि संख्या दोन्ही द्या.

बी-प्रोलिम्फोसायटिक ल्युकेमियात उंदराचे रोझेट कमी येतात आणि पृष्ठभागावरचे इम्युनोग्लोब्युलिन ठळक असते. सीएलएलमध्ये नेमके उलटे: रोझेट भरपूर, इम्युनोग्लोब्युलिन फिके. ही जोडी हाच या चाचणीचा खरा उपयोग होता. रक्तात उतरलेल्या इतर बी लिम्फोमांत आकडा सहसा कमी, पण भरवशाचा नाही. हेअरी सेल ल्युकेमियासाठी तर या नळीवर विसंबू नये. मेंढीचे रोझेट खूप आणि उंदराचे नगण्य असतील तर टी पेशींचा आजार किंवा साधी प्रतिक्रिया, आणि या दोहोंत चाचणी फरक करू शकत नाही. डांग्या खोकल्याच्या लिम्फोसाइटही मेंढीच्या पेशी धरतात. काही एनके (नैसर्गिक मारक) पेशींवर सीडी२ असतो, म्हणून मोठ्या दाणेदार लिम्फोसाइटच्या आजारातही आकडा चढतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाला या चाचणीचा काही संबंध नाही. तिथे बीसीआर-एबीएल हा जोडजनुक शोधायचा असतो.

काही नेहमीचे घोटाळे

दोन्ही नळ्यांत शून्याच्या जवळ: पेशी मेलेल्या, किंवा नळी जोरात हलवली. कंट्रोल ठीक आणि रुग्णाच्या दोन्ही कमी असतील तर पेशी खरोखरच बी पण सीएलएलच्या वळणाच्या नसू शकतात. पुन्हा लावा, तेच आले तर तसेच लिहा.

दोन्ही मिळून शंभराच्या बरेच वर: गोळे मोजले गेले, किंवा सीरम शोषलेले नव्हते. रुग्णाच्या प्लाझ्मातही मेंढीच्या पेशींचे गोळे करणारे प्रतिपिंड असू शकतात, संसर्गजन्य मोनोन्युक्लिओसिसमध्ये ते बहुधा असतात. लिम्फोसाइट आणखी दोनदा धुऊन पाहा.

उंदराचा आकडा पहिल्या आठवड्यात ६०, पुढच्या आठवड्यात त्याच रुग्णात ३५: रुग्णाआधी लाल पेशींचे वय पाहा.

फ्लोशी जोडून

सीएलएलसाठी आजचा निकष रक्तातल्या एकाच वंशाच्या बी लिम्फोसाइटचा आहे: दर मायक्रोलिटर ५,००० किंवा अधिक, किमान तीन महिने. एकवंशीयता फ्लोवर काप्पा-लॅम्डा (प्रतिपिंडाच्या हलक्या साखळीचे दोन प्रकार) पाहून ठरते, रोझेटला ते दिसतच नाही. पेशीवरच्या खुणांना गुण देणाऱ्या मॅट्युटस गुणांकनात सीडी५ असणे, सीडी२३ असणे, एफएमसी७ नसणे, पृष्ठभागावरचे इम्युनोग्लोब्युलिन फिके असणे आणि सीडी७९बी फिका किंवा नसणे, या प्रत्येकाला एक गुण मिळतो. १९९४ च्या मूळ मांडणीत सीडी७९बीच्या जागी सीडी२२ होता. चार-पाच गुण म्हणजे नेहमीचा सीएलएल. तीन आले तर मँटल सेल लिम्फोमा (बी पेशींचाच दुसरा कर्करोग) वगळल्याशिवाय सही करू नये, कारण तिथेही सीडी५ असतो. त्यासाठी सायक्लिन डी१ किंवा ११ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल तपासावी लागते.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून नमुना मुंबई-पुण्याच्या संदर्भ प्रयोगशाळेत जात असेल तर ईडीटीएची नळी खोलीच्या तापमानाला पाठवा, बर्फाच्या पिशवीला टेकवून नाही. ४८ तासांत पोचेल असा दिवस निवडा, शनिवारी दुपारी कुरिअरला देऊ नका. सोबत त्याच दिवसाचा हिमोग्राम आणि न रंगवलेले दोन स्मिअर द्या. तुमच्याकडे रोझेट लावली असेल तर अर्जावर दोन्ही टक्केवाऱ्या, मोजलेल्या पेशींची संख्या, न्युरामिनिडेझ वापरले की नाही, आणि त्या दिवशीच्या निरोगी कंट्रोलचा आकडा लिहा. नुसते 'उंदीर रोझेट पॉझिटिव्ह' एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.